पटावर भरपूर जागा

विशेष गरजा असलेल्या मुलांना शाळांत जागा मिळत नाही, अशी ओरड दर जूनमध्ये होते आणि ती वाचून भाबडी माणसे हळहळतात. ही ओरड साफ खोटी आहे, हे कुणीतरी एकदाचे सांगून टाकायला हवे. महाराष्ट्रात या मुलांसाठी जागाच जागा आहे. राज्यात लहानमोठ्या मिळून लाखाहून अधिक शाळा आहेत, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार त्यांतल्या एकाही अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेला अपंगत्वाच्या कारणावरून मुलाला दारातून परत पाठवता येत नाही. परत पाठवता येत नाही म्हणजे प्रवेश आहे, आणि ज्या अर्थी प्रवेश आहे त्या अर्थी जागाही असणारच. म्हणजे कायदा लागू झाला त्या दिवशी, १९ एप्रिल २०१७ रोजी, एकही वीट न रचता आणि एकही शिक्षक न नेमता राज्यातला प्रत्येक बाक या मुलांसाठी खुला झाला. बाकीचे देश वर्गखोल्या बांधतात, माणसे नेमतात, त्यांना पगार देतात आणि मग कुठे चार-दोन हजार जागा वाढल्याचे पत्रक काढतात. आपण ते सगळे एका कलमात उरकले. त्या बाकावर मूल खरोखर बसते का, आणि बसलेच तर त्याला कुणी काही शिकवते का, हे प्रश्न उरतात खरे. पण ते शिक्षणाचे प्रश्न झाले. इथे विषय जागांचा आहे.

जागा पुरतात की नाही हे ठरवायला दोनच आकडे लागतात, जागा किती आणि मुले किती. पहिला आकडा कायद्याने फुगवून दिला. दुसरा आटोक्यात ठेवण्याचे काम जनगणनेकडे आहे आणि तिने ते चोख केले आहे. २०११ च्या जनगणनेत देशभरात एकोणीस वर्षांपर्यंतची ७८.६४ लाख मुले अपंग म्हणून नोंदली गेली. त्या वयाच्या एकूण मुलांच्या तुलनेत हे १.७ टक्के. युनिसेफने २०२१ मध्ये जगाचा अंदाज काढला तेव्हा जवळपास २४ कोटी, म्हणजे दहातले एक मूल, या ना त्या अपंगत्वासह जगत असल्याचे दिसले. जगात दहात एक आणि आपल्याकडे शंभरात दोनही नाहीत! राष्ट्राभिमानी वाचकाने यावरून आपली मुले जगाच्या पाचपट धडधाकट आहेत असे खुशाल समजावे. यावर जाणकार मंडळी एक आक्षेप घेतात आणि तो बिनबुडाचा नाही: दोन्हीकडे विचारलेले प्रश्नच वेगळे आहेत. युनिसेफच्या पद्धतीत आईला विचारतात की मुलाला सांगितलेले समजायला, एका जागी लक्ष द्यायला, बरोबरीच्या मुलांत मिसळायला किती अडचण येते. चिंता आणि उदासीही त्यात धरतात. आपला प्रगणक दारात उभा राहून विचारतो की घरात कुणी अपंग आहे का. प्रश्न वेगळे आहेत, मान्य. पण शाळेला यांतल्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे असते? फळ्यावरचे उतरवून घेताना अडखळणारा मुलगा आणि तीन सूचना एकदम दिल्या की गोंधळणारी मुलगी गुरुजींना रोज भेटतात. प्रगणकाला ती भेटत नाहीत, कारण दार उघडणाऱ्या आजीला धाकट्या आत्याचे लग्न अजून जमवायचे असते आणि ती 'आमच्याकडे तसलं कुणी नाही' असे सांगून मोकळी होते. शिवाय २०११ च्या अर्जात अपंगत्वाचे आठच प्रकार होते. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांना त्यात स्वतंत्र रकाना नव्हता. २०१६ च्या कायद्याने प्रकार एकवीस केले. त्यानंतर जनगणना झालेली नाही, ती आता २०२७ ची. तेव्हा एकवीस प्रकारच्या मुलांना किती सोय लागेल हे आपण आठ प्रकारांच्या जुन्या आकड्यांवरून ठरवत आलो. मधल्या काळाची अडचण ओळखून कायद्यातच शाळकरी मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करण्याचे कलम घातले आहे, आणि पहिले सर्वेक्षण तर दोन वर्षांच्या आत व्हायचे होते. कलम अजून सुस्थितीत आहे.

या चाळणीतून जी मुले वर राहतात त्यांच्यासाठी दुसरी, बारीक भोकांची चाळणी म्हणजे प्रमाणपत्र. सवलत हवी असो, भत्ता हवा असो की शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेतल्या पंचवीस टक्क्यांच्या सोडतीत वंचित गटातून नाव घालायचे असो, अपंगत्व किमान चाळीस टक्के हवे आणि ते सरकारी रुग्णालयाच्या कागदावर हवे. दहावीला आपल्याकडे पस्तीस टक्क्यांवर उत्तीर्ण करतात. अपंगत्वात उत्तीर्ण व्हायला चाळीस लागतात आणि तिथे ग्रेस मार्क नाहीत. बुद्ध्यंक सत्तरीच्या घरात असलेल्या मुलाचे अपंगत्व सरकारी तक्त्यात पंचवीस टक्के भरते. वर्गाच्या मानाने तो फार मागे आणि वैद्यकीय मंडळाच्या मानाने फार पुढे, त्यामुळे दोन्हीकडे नापास. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आठ वर्षे पुरी होण्याआधी मिळत नाही, आणि पुढे चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी. आठ वर्षांच्या अटीमागे वैद्यकीय कारण आहे हे कबूल केले पाहिजे. पहिलीतली पुष्कळ मुले अक्षरे उलटसुलट काढतात आणि वर्षभरात आपोआप सुधारतात. घाईने शिक्का मारू नये हे बरोबरच. पण निदानासाठी थांबणे आणि मदतीसाठी थांबणे हे दोन्ही कागद आपण एकाच टाचणीने टोचून ठेवले. मुलगा सहाव्या वर्षी अडखळतो, आठव्या वर्षी तपासणीला पात्र होतो, आणि तारखा घेत घेत कागद हातात पडेपर्यंत चौथीत पोहोचतो. तोवर 'आळशी आहे, घरी लक्ष द्यावे' हे निदान शाळेने प्रगतिपुस्तकात लिहून दिलेले असते. त्याला कोणत्याही मंडळाची सही लागत नाही.

प्रमाणपत्र नको म्हणता, मग बोगस अपंगांचे काय, असे लगेच विचारले जाईल. विचारावेच. नोकरीतल्या राखीव जागा, सोयीच्या बदल्या, दहावीला तासामागे वीस मिनिटे जादा वेळ, नामांकित इंग्रजी शाळेतली फुकटची जागा, या गोष्टींसाठी लबाडी होते आणि तिथे कागद भिंग लावून पाहावा. पण तिसरीतल्या मुलाला आठवड्यातून तीन तास वेगळ्या पद्धतीने वाचायला शिकवले तर त्यात लुबाडण्यासारखे काय आहे? गरज नसलेल्या एखाद्या मुलाने ती मदत चोरलीच, तर फार तर तोही नीट वाचायला शिकेल. या भीषण घोटाळ्यापासून शासनाने आजवर तिजोरीचे डोळ्यांत तेल घालून रक्षण केले आहे.

कागद मिळाला की पालक शाळेत जातात. शाळा नाही म्हणत नाही, कारण नाही म्हणायला बंदी आहे. मुख्याध्यापिका पाण्याचा ग्लास पुढे सरकवतात आणि मुलाच्याच काळजीने म्हणतात, "अहो ताई, प्रवेश देतेच मी, पण वर्गात साठ मुलं आणि बाई एक. त्याचीच आबाळ होईल हो. तुम्ही आई आहात, तुम्हीच बघा." ताई बघतात. नकार असा पालकांच्याच तोंडून वदवून घेतला की शून्य नकाराचे धोरण शंभर टक्के यशस्वी होते. २०११ च्याच जनगणनेचा आधार घेऊन युनेस्कोने २०१९ च्या भारतविषयक अहवालात नोंदले होते की पाच वर्षांच्या अपंग मुलांपैकी तीनचतुर्थांश आणि ५ ते १९ वयोगटातली एकचतुर्थांश मुले कोणत्याच शिक्षणसंस्थेत जात नाहीत. ही मोजली गेलेल्या मुलांची कथा. आजीने दारातूनच वजा केलेली यात नाहीत. सोडतीतल्या त्या पंचवीस टक्के जागासुद्धा २०२४ च्या फेब्रुवारीत जवळपास गेल्याच होत्या: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर खासगी विनाअनुदानित शाळेला सूट, असा नियम राज्याने केला. उच्च न्यायालयाने तो जुलैत रद्द केला. शेजारची सरकारी शाळा आहे म्हणून खासगी शाळेची जागा काढायची, आणि त्याच सुमारास वीसच्या आतल्या पटाच्या सरकारी शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचाही विचार करायचा, अशी ही दुहेरी दूरदृष्टी. चालायला त्रास असलेल्या मुलाला शाळा जितकी दूर तितका व्यायाम.

जी मुले तरीही आत शिरतात त्यांच्या स्वागताला उतार असतो. शाळांची माहिती गोळा करणाऱ्या युडायसच्या अर्जात शाळेला उतार आहे का, कठडा आहे का, अशा मुलांसाठी स्वच्छतागृह आहे का, असे विचारतात. उताराचे उत्तर बहुधा 'होय'. तो एकदा जवळून पाहावा. व्हरांड्याच्या टोकाला सिमेंट ओतून केलेला, चढ इतका उभा की पोषण आहाराचे तांदळाचे पोते वर न्यायला दोन माणसे लागावीत. वर पोचले की वर्गाचा चार बोटांचा उंबरठा तसाच, आणि पायथ्याशी ओळीने लावलेल्या मोटारसायकली. चाकाची खुर्ची त्यावरून चढत नाही, पण अर्ज त्यावरून थेट दिल्लीपर्यंत जातो. शिवाय उतार चांगला बांधला तरी तो उपयोगी कुणाला? ऐकू न येणाऱ्या मुलीला खाणाखुणांची भाषा येणारे माणूस लागते, स्वमग्न मुलाला पुढचा तास कसला हे आधी सांगून ठेवणारे माणूस लागते, मतिमंद मुलाला एक कृती वीस वेळा न वैतागता करून दाखवणारे माणूस लागते. सिमेंट एकदा ओतले की झाले. माणसाला दर महिन्याला पगार द्यावा लागतो. समावेशनाची आपली कल्पना प्रामुख्याने सिमेंटची का आहे, याचे कारण एवढेच. तीव्र किंवा बहुविकलांग मुलांच्या पालकांना घरीच शिक्षण घेण्याचा पर्याय शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने दिला आहे. तो पालकांचा हक्क. पण 'माझ्या पाल्यास घरी शिकवण्यास हरकत नाही' या अर्जाचा मसुदा शाळेच्या कपाटातूनच निघाला की हक्क बजावायला पालकांना कष्ट पडत नाहीत. नाव पटावर, मूल घरात, आणि समावेशन दोन्हीकडे.

इथे आदर्शवादी मंडळी मला अडवतील. विशेष शिक्षक, विशेष वर्ग, विशेष शाळा हे सगळे म्हणजे या मुलांना वेगळे पाडणे. ती सगळ्यांबरोबर शिकली पाहिजेत, असे ते म्हणतील. तत्त्व सोळा आणे खरे आहे, आणि म्हणूनच आपल्या अर्थखात्यालाही ते फार आवडते. विशेष शाळा काढायची तर इमारत, बस, उपचारतज्ज्ञ, आठ-दहा मुलांमागे एक शिक्षक. समावेशन करायचे तर शासन निर्णय. मग कोणते तत्त्व प्रागतिक ठरणार हे सांगायला नको. २०१६ चा कायदा मात्र या दोघांपेक्षा शहाणा निघाला: लक्षणीय अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क त्याने दिला. पसंती करायला दोन्ही गोष्टी अस्तित्वात असाव्या लागतात, हे मसुदा करणाऱ्याने गृहीत धरले असावे. विशेष शाळा काढल्या कुणी, हे पाहिले तर गंमत आहे. मुंबईत कर्णबधिरांची शाळा १८८५ च्या सुमारास निघाली ती मिशनऱ्यांच्या पुढाकाराने, १९०० साली अंधांची शाळा निघाली तीही मिशनऱ्यांचीच. १९७२ मध्ये मिठू आलूर यांनी मुंबईत मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी आणि १९७७ मध्ये रजनी लिमये यांनी नाशकात मतिमंद मुलांसाठी काम उभे केले. दोघींच्याही घरात तशी गरज असलेले मूल होते. म्हणजे मूल विशेष असेल तर आईने संस्था काढावी, देणगीदार जमवावेत, मग मान्यतेसाठी अर्ज करावा, आणि पंधरा-वीस वर्षांनी अनुदान आले तर पेढे वाटावेत, हा आपला राज्यमान्य मार्ग. ज्या आईला संस्था काढता येत नाही तिने शाळेत जाऊन पाण्याचा ग्लास घ्यावा. विशेष शाळा आज दिव्यांग कल्याण विभागाकडे, जवळची शाळा शालेय शिक्षणाकडे, प्रमाणपत्र आरोग्याकडे आणि सहा वर्षांखालचे मूल अंगणवाडीमार्गे महिला व बालविकासकडे. चौघांनी मिळून एका मुलाचा सांभाळ करायचा म्हटल्यावर ते प्रत्येकाला दुसऱ्याचे वाटणे स्वाभाविक आहे.

मग अर्थातच पैशाचा मुद्दा येतो: राज्यावर कर्ज आहे, पैसा कुठून आणायचा? सध्या किती लागतो तेवढे तरी पाहू. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला ३,५०० रुपये धरलेले आहेत. यात तपासणी, साहित्य, ब्रेल पुस्तके, प्रवास आणि सोबत येणाऱ्या माणसाचा भत्ता असे सगळे बसवायचे असते. मुलींना वेगळा प्रोत्साहन भत्ता आहे, महिना २०० रुपये, तोही दहा महिने. उरलेले दोन महिने मुलींना अपंगत्वाची सुट्टी असते. ३,५०० ला ३६५ ने भागले तर दिवसाला दहा रुपयेही पडत नाहीत. स्टेशनबाहेर वडापाव याहून महाग आहे. एका मुलाच्या विशेष गरजेची किंमत एका वडापावापेक्षा कमी धरल्यावर राज्य याने कर्जबाजारी होईल हे पटायला जड जाते. उलट खर्च आत्ता होतोच आहे, फक्त तो अंदाजपत्रकात दिसत नाही: आई नोकरी सोडते, बाप कर्ज काढून वाचाउपचार आणि खासगी शिकवणी भागवतो, आणि चाळिशीतल्या मुलाला सांभाळत सत्तरीतले दोघे 'आमच्यामागे याचं काय' हा विषय रोज रात्री काढतात. हा पैसाही राज्यातलाच आहे. सरकारने तो जमा खात्यात धरला की बचत दिसते.

बाकीच्या मुलांच्या अभ्यासाचे नुकसान होईल, हा पालकसभेतला लाडका आक्षेप फार वेळ खाण्याच्या लायकीचा नाही. शिक्षक एकच ठेवून वर्गात चार विशेष मुले बसवली तर नुकसान होईल, नक्की होईल, आणि पहिले नुकसान त्या चौघांचे होईल. म्हणून ती मुले बाहेर ठेवा असा निष्कर्ष काढण्याऐवजी दुसरा शिक्षक मागा, असे पालकसभेत कुणी म्हटले तर सभा तिथेच संपते, कारण शिक्षक वाढणे म्हणजे शुल्क वाढणे.

म्हणजे फिरून गाडी शिक्षकावरच येते. जागांचा हिशेब बाकांवरून न करता शिक्षकांवरून केला तर काय दिसते, एवढे पाहण्याचा उद्धटपणा करू. सर्वोच्च न्यायालयात रजनीश कुमार पांडे प्रकरणात २०२१ मध्ये निकाल लागला. त्यातून सर्वसाधारण शाळांसाठी प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक आणि पुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरले. २०२५ च्या मार्चमध्ये न्यायालयाला पुन्हा राज्यांना सांगावे लागले की बाबांनो, निदान मंजूर पदांचा आकडा तरी जाहीर करा. महाराष्ट्राने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटासाठी, विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करायला मान्यता दिली होती, आणि वर्षानुवर्षे कंत्राटावर राबलेल्या शिक्षकांना त्यांत सामावून घ्यायचे ठरले. निर्णय चांगला आहे. उशिराचा म्हणून वाईट होत नाही. पण एका केंद्रात एक शिक्षक. राज्यातल्या फक्त सरकारी आणि जिल्हा परिषद-पालिकांच्या सुमारे ६५ हजार शाळा धरल्या तरी एकाच्या वाट्याला तेरा शाळा येतात. पहिली ते पाचवीला वर्षात कामाचे दिवस शिक्षण हक्क कायद्याने २००. तेराने भागा: शाळेला वर्षाचे पंधरा दिवस, तेही शिक्षकाला दुसरे एकही काम सांगितले नाही तर. निवडणुकीच्या याद्या आणि अपंगत्वाच्या प्राथमिक चाचपणीच्या 'प्रशस्त' अॅपवर भरायची माहिती धरलेली नाही. उरलेले १८५ दिवस मूल समाविष्ट असते.

दहाला एक या प्रमाणाने ४,८६० शिक्षक म्हणजे ४८,६०० मुले. ही झाली राज्यातल्या सर्वसाधारण शाळांतल्या खऱ्या जागांची संख्या, सगळी पदे भरली असे समजून. आता मुले: राज्यातल्या शाळांत दोन कोटींहून अधिक विद्यार्थी आहेत. जनगणनेचे ते आजीने चाळलेले १.७ टक्केच लावले तरी तीन लाख चाळीस हजार होतात. विशेष शाळांतली मुले वजा करा, वरच्या वर्गांसाठी पंधराला एक धरून जागा थोड्या वाढवा, तरी दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळपास फिरकत नाहीत. युनिसेफचे दहात एक धरायला नको, हातातली पेन्सिल मोडायची. युडायसच्या अर्जात उतारासाठी आणि कठड्यासाठी जागा आहे, पण या मुलाजवळ विशेष शिक्षक गेल्या महिन्यात किती तास बसला, हे विचारलेले नाही. तो एक रकाना वाढवायला वर्गखोली लागत नाही की अनुदान. पण तो वाढवला तर पहिल्याच वर्षी राज्यातल्या विशेष मुलांच्या जागा अमर्याद होत्या त्या पन्नास हजारांच्या आसपास येतील, आणि एका वर्षात एवढ्या जागा घटल्याचे पत्रक कोणत्या विभागाने काढायचे यावर चार विभागांची समिती नेमावी लागेल.